वास्तुपुरुषाची तहान

"मागं सरका! महाराजांच्या हातात पाणी आलंय, कोणाची सावली पडू देऊ नका!"

मोबाइलवाला प्रितेश दोन्ही हात पसरून गर्दी मागे लोटत होता. वैशाखातले सकाळचे दहा. पनवेलच्या आमच्या 'मंगलदीप' इमारतीच्या तळमजल्यावर साठ-सत्तर माणसं घामाने निथळत उभी होती. आमचे दुकानदार होतेच, पण समोरच्या इमारतीतले लोकही दुकानं उघडी टाकून आले होते, आणि कोन गावाहून एक टेम्पो भरून बाया आल्या होत्या. सगळ्यांची नजर एका बंद दारावर. ते दार होतं तळमजल्याच्या सामायिक संडास-मोरीचं. दारापुढे रांगोळी, रांगोळीत पाट, पाटावर दाजी महाराज आणि त्यांच्या हातात तांब्याची कळशी.

"भक्तांनो, पाच दिवसांपूर्वी इथे काय होतं?"

"झुरळं!"

"आणि आज?"

"नाहीत!"

"का नाहीत?"

याचं उत्तर कोणाला येत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी हात जोडले.

महाराज एकटेच आत गेले आणि दार लोटून घेतलं. बाहेर इतकी शांतता की रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न नकोसे वाटले. मग आतून आवाज आला. गट्. गट्. गट्-गट्-गट्. मोठ्या घशाच्या तहानलेल्या माणसाने एका दमात तांब्या रिकामा करावा तसा. महाराज बाहेर आले आणि कळशी उलटी करून दाखवली. थेंब नाही.

"वास्तुपुरुष प्यायला!"

एकच जयजयकार झाला. कोनच्या एका बाईच्या अंगात येता येता राहिलं. प्रितेशने तो आवाज मोबाइलमध्ये टिपला, आणि दुपारपर्यंत वास्तुपुरुषाचा घसा अख्ख्या पनवेलने ऐकला.

महाराजांच्या शेजारी निरंजनाचं तबक धरून मी उभी होते. हे लिहिताना आजही मान वर होत नाही.

माझं या इमारतीत पापड-कुरडयांचं दुकान आहे. सगळे मला घरतकाकी म्हणतात. सोमवार, एकादशी, चतुर्थी मी धरते. दुकान उघडलं की आधी दिवा, मग पोथीचा एक अध्याय, त्यानंतरच चहा. हा नेम बावीस वर्षांचा. मी मोठ्याने बोलत नाही, कोणाशी भांडत नाही. त्यामुळे झालंय असं की मी एखादी गोष्ट म्हटली की लोक ती तपासत नाहीत. "काकी म्हणाल्या" एवढं पुरतं. याचा मला अभिमान होता, हेही कबूल करते.

शिमग्याच्या आधी मी जिन्याशेजारच्या भिंतीत दत्ताची तसबीर बसवली. भिंतीच्या पलीकडे ती संडास-मोरी. मालकांची सोय पहिल्या मजल्यावर आहे. खालची होती कामगारांसाठी. पार्लरच्या मुली, झेरॉक्सवरची पोरं आणि झाडूवाली साळू ती वापरायची. माझा अध्याय चालू असताना पलीकडून बादलीचा खणखणाट यायचा. मला ते सोसवेना. मी इमारतीचे सेक्रेटरी कृष्णकांतशेठ यांना म्हटलं, "देवाच्या पाठीला संडास बरा दिसत नाही हो." ते कापडवाले, हिशेबी माणूस, पण त्यांनी दुसरा शब्द काढला नाही. त्याच संध्याकाळी दाराला कुलूप लागलं. किल्ली माझ्या दुकानात, हळदीकुंकवाच्या कोयरीशेजारी. पार्लरच्या मुलींना आणि झेरॉक्सच्या पोरांना वरची किल्ली मिळाली. साळू त्यानंतर दिवसभर कुठे जात होती, हे मी कधी विचारलंही नाही.

साळू डोंगराखालच्या वाडीवरची. आमच्या रस्त्यावरच्या पाच इमारतींची झाडलोट तिच्याकडे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती नवऱ्याबरोबर, जैतूबरोबर, दर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची आणि मुलगी दिपा पाठोपाठ. शाळा सुटायची, पुन्हा लागायची, पुन्हा सुटायची. ही पाच इमारतींची कामं मिळाली तेव्हा साळू भट्टीला जायची थांबली. दिपा या वर्षी दहावीला जाणार होती. साळू हे सगळ्यांना सांगायची, न विचारता सांगायची.

चैत्र संपता संपता झुरळं सुरू झाली. थोडीथोडकी नव्हेत. सकाळी शटर वर केलं की काळी रांग भिंतीवरून सैरावैरा पळायची. कुबट वास यायचा. माझा धंदा सगळा उन्हाळ्याचा. मिरगुंडं, साबुदाण्याच्या चकल्या, सांडगे, सगळं याच दोन महिन्यांत खपतं. खारघरच्या एका बाईंनी दुकानातच पाकीट फोडलं आणि किंचाळून खाली टाकलं. चार गिऱ्हाइकांदेखत. आम्ही फवारे मारले, गोळ्या ठेवल्या. दहा मरायची, दुसऱ्या दिवशी वीस यायची.

साळू एकदा झाडू टेकवून माझ्या दारात उभी राहिली. "काकी, ती खालची मोरी सुकलीय. कुलूप काडा, मी बादलीभर पानी वतते. भट्टीवाल्या शेटच्या बंगल्यावर आसंच झालतं. उनाळ्यात बंद मोरी सुकली का खालून किडा वर येतो."

"पाणी ओतून कधी झुरळं जातात का गं? उलट वाढतील."

"एकडाव बगा तरी वतून."

"ते दार उघडायचं नाही. तुला माहीत आहे ना का ते?"

"म्हायती हाय," ती म्हणाली आणि झाडू उचलून निघून गेली.

एवढंच बोलणं झालं. उत्तर माझ्या दारात येऊन उभं होतं आणि मी त्याला सोवळ्याचं कारण सांगून परत पाठवलं.

मग कृष्णकांतशेठच्या कोणा पाहुण्याने दाजी महाराजांचं नाव सांगितलं. महाराज आले. भगवी लुंगी, स्वच्छ दाढी, आवाज रेडिओवरच्यासारखा. त्यांनी तळमजला पाहिला, जिना पाहिला, कुलूपबंद दारापाशी थांबले, नाकाने लांब श्वास घेतला आणि डोळे मिटले.

"ही कीड नव्हे," ते म्हणाले. "ही पाताळाची वाट आहे. वास्तुपुरुषाचं मुख इथं आहे आणि ते कोरडं पडलंय. तो तहानलाय. तहानलेल्याच्या तोंडातून काय निघणार? किडेच निघणार!"

"बाप रे!" प्रितेश म्हणाला. हा मुलगा दिवसभर लोकांचे फोन दुरुस्त करतो. बिघाड कुठे आहे ते पाहिल्याशिवाय स्क्रूलाही हात लावत नाही. पण मोबाइल वेगळा आणि महाराज वेगळे.

"पण महाराज, तहान लागली कशाने?" कृष्णकांतशेठनी विचारलं.

महाराजांनी डोळे उघडले. "या वास्तूत एक बाई येते. दक्षिणेकडून येते. हातात झाडू असतो. तिच्याबरोबर काहीतरी येतं."

सगळ्यांनी साळूकडे पाहिलं. इमारतीत हातात झाडू असलेली बाई एकच होती आणि वाडी दक्षिणेलाच आहे हे रिक्षावाल्यालाही ठाऊक असतं. पण तेव्हा आम्हाला ती दिव्यदृष्टी वाटली.

साळू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होती. ती म्हणाली, "झाडू माज्या हातात हाय, मंग काय तुमच्या हातात देऊ?"

दोन-तीन जण हसले. महाराजांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बघा! वाचा बघा तिची! ही बोलत नाही, तिच्यातलं बोलतंय!"

हसणारे दोन पावलं मागे सरकले.

मग महाराजांनी विधी सांगितला. अकरा दिवसांचं जलबंधन. रोज एक कळशी सिद्ध जल वास्तुपुरुषाच्या मुखात, आणि पहिल्या दिवशी प्रत्येक दुकानाच्या कानाकोपऱ्यात सिद्ध गंधाचा ठिपका. अकरा दिवस झाडू नाही, ओलं फडकं नाही, फिनेल नाही. आणि ती बाई उंबऱ्याच्या आत नाही.

"कबूल असेल तर कागद करा. ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांनी आधी सही करावी."

सगळे माझ्याकडे वळले. मी सही केली. तो कागद कृष्णकांतशेठनी नोटीस बोर्डावर लावला. संध्याकाळी साळू आपली पत्र्याची पेटी न्यायला आली, तेव्हा तिला उंबऱ्याबाहेरच थांबवून प्रितेशने पेटी पायाने पुढे सरकवली. मी दुकानात जपाची माळ ओढत होते. मी वर पाहिलं नाही.

गंध लावताना मी महाराजांच्या मागे दिवा घेऊन फिरले. चंदनाच्या डबीतून काडीने बारीक तपकिरी ठिपका. बिजागरीत, फळीखाली, मीटरच्या पेटीमागे. प्रितेश पुढे आला. "महाराज, माझ्या कपाळाला पण लावा की!"

महाराजांनी काडी झटकन मागे घेतली. "खबरदार! हे वास्तूचं गंध आहे, देहाचं नव्हे!"

आम्हाला त्यात केवढं गूढ वाटलं!

चौथ्या दिवसापासून झुरळं दिसेनाशी झाली. पाचव्या दिवशी ती गर्दी, जी मी सुरुवातीला सांगितली. आणि तोवर आमच्या रस्त्यावरच्या उरलेल्या चारही इमारतींनी साळूला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. कागदाचा फोटो प्रत्येकाच्या फोनवर होता. खाली पहिली सही माझी.

ताहिरा मॅडम उन्हाळ्याच्या सुट्टीहून परतल्या त्या सातव्या दिवशी. पहिल्या मजल्यावर त्यांचा आठवी ते दहावीचा विज्ञानाचा क्लास आहे. माहेर उरणचं, तीन आठवडे तिकडे होत्या. वर जाण्याआधी त्यांनी नोटीस बोर्ड वाचला आणि सरळ माझ्या दुकानात आल्या.

"काकी, ही सही तुमचीच आहे ना?"

"हो."

"साळूने काय केलं?"

"महाराज म्हणाले की..."

"महाराजांचं नाही विचारलं. तुम्ही काय बघितलं?"

मी काही बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "अकरा दिवस होऊ देत. मग बोलू कृष्णकांतशेठशी."

"अकरा दिवसांनी तिच्याबद्दल जे पसरलं ते परत गोळा करता येणार आहे का?" त्या आवाज न चढवता म्हणाल्या आणि वर गेल्या. पाच मिनिटांत खाली आल्या. "काकी, तुमच्याकडे लोणच्याच्या काचेच्या दोन बरण्या आहेत? रिकाम्या?"

त्यांच्या क्लासमध्ये मागे दोन मोऱ्या आहेत. एक संडासात, एक पोरांच्या प्रयोगाच्या ओट्याखाली. तीन आठवडे बंद. खोली उघडताच त्यांच्या पायावरून झुरळ गेलं होतं. नंतर महाराजांना कोणी हे कळवलं, तर ते म्हणाले म्हणे, "तिथली श्रद्धा वेगळी. तिथं बंधन चालत नाही."

ताहिरा मॅडमनी मला दोन्ही मोऱ्यांवर वाकायला लावलं. मोबाइलचा दिवा आत धरला. जाळीखाली पाइपाला वाटीसारखं वळण असतं. ते कोरडं ठणठणीत होतं, तळाला माती फुटलेली.

"याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. या वळणात चार बोटं पाणी कायम साचून राहतं. तेच बूच. खालच्या गटाराचा वास वर येत नाही, किडा वर येत नाही. रोज वापर असला की पाणी आपोआप भरतं. उन्हाळ्यात वापर थांबला की पाणी उडून जातं. आणि मग दार सताड उघडं. गटारातही उकाडा असतोच की. झुरळं गारव्याला वर येतात."

त्यांनी निळ्या प्लॅस्टिकच्या मगाने नळाचं पाणी घेतलं आणि एका मोरीत दोन मग ओतलं.

गट्. गट्-गट्-गट्.

तोच आवाज. तोच घसा.

"पाणी खाली उतरताना पाइपातली हवा अशी वर येते," त्या म्हणाल्या. "आता दुसरीत मुद्दाम ओतत नाही. दोन्हींवर बरण्या पालथ्या घालू. कुलूप मी लावते, किल्ली तुम्ही न्या. सकाळी तुम्हीच उघडा. मी हात लावणार नाही."

सकाळी अध्याय न वाचताच मी वर गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पाणी ओतलेल्या मोरीवरची बरणी स्वच्छ. कोरड्या मोरीवरच्या बरणीत अकरा झुरळं काचेवर चढत होती, घसरत होती. मी तीनदा मोजली. पाणी सिद्ध नव्हतं. ओतणाऱ्या बाईने मंत्र म्हटला नव्हता, माझ्या देवाचं नावही घेतलं नव्हतं. चार बोटं पाण्याला काही फरक पडला नव्हता.

"आणि खाली आत असलेली झुरळं कशी मेली?" मी विचारलं. खरं सांगू, मला अजून वाटत होतं की थोडा तरी चमत्कार उरावा.

"तुम्हीच बघा. गंधाचा वास घेतलात का कधी?"

मी दुकानात आले, फळीखाली नाक नेलं. चंदन नव्हतं. पिठासारखा, गोडूस, औषधी वास. मग आठवलं, विधीच्या सुरुवातीला जप करताना एक झुरळ त्या ठिपक्याशी मिशा हलवत बराच वेळ होतं. दुसऱ्या दिवशी तिथेच उताणं पडलेलं. मी ते बंधनाचं फळ मानून नमस्कार केला होता. ताहिरा मॅडमच्या भावाच्या बेकरीत दर उन्हाळ्यात किडे मारणारा माणूस येतो. तो सुईच्या नळीतून असलेच ठिपके बिजागरीत भरतो आणि जाताना बजावतो, चार दिवस ओलं फडकं लावू नका.

ओलं फडकं लावू नका. मी तिथेच पोत्यावर बसले.

"मॅडम, अकराव्या दिवशी तुम्ही सगळ्यांना सांगा."

"मी सांगितलं तर काय होईल? म्हणतील, ही मुसलमान बाई आमच्या देवाच्या आड येते. तिथेच सगळं बुडेल. काकी, खोटं तुमच्या सहीने चाललंय. ते तुमच्याच तोंडाने थांबेल."

"मला चारचौघांत बोलता येत नाही हो."

"सही करता आली," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

अकराव्या दिवशी सांगता होती. गर्दी पाचव्या दिवसाच्या दुप्पट. महाराज दारापाशी आले, किल्लीसाठी हात पुढे केला. मी किल्ली दिली नाही. मी स्वतः कुलूप काढलं आणि दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं.

"आज दार उघडं राहील," मी म्हटलं. मागच्यांना ऐकू गेलं नाही. प्रितेश ओरडला, "काकी म्हणतात दार उघडं राहील!"

मी पिशवीतून तो निळा मग काढला. "हे क्लासमधल्या नळाचं पाणी आहे." आणि ओतलं. गट्. गट्-गट्-गट्.

कोणी जयजयकार केला नाही. लोक कधी माझ्याकडे, कधी महाराजांकडे बघत होते.

महाराज मात्र महाराज होते. क्षणात हात वर करून म्हणाले, "पाहिलंत? काकींची भक्ती! बावीस वर्षांचा नेम! त्यांच्या हातचं साधं पाणीही तीर्थ झालं!"

लोक माझ्या पायांकडे वाकू लागले. मी आयुष्यात एवढी घाबरले नाही. खोटं मला नमस्कार करत होतं आणि गप्प राहिले असते तर मीच पुढची महाराज झाले असते.

"प्रितेश," मी म्हटलं, "तू ओत."

"मी? काकी, माझी तर आज आंघोळ पण नाय झाली!"

"म्हणूनच ओत."

त्याने ओतलं. गट्-गट्-गट्. आधी झेरॉक्सवाला हसला. मग पार्लरच्या मुली. मग हसण्याची लाटच आली. "वास्तुपुरुषाला प्रितेशचं पण चालतं रे!" कोणीतरी म्हणालं. "हे पारोसं तीर्थ घ्या!"

झाकणं लावून जपलेल्या दोन्ही बरण्या मी पाटावर ठेवल्या, एक झुरळांची, एक रिकामी. पाणी कुठे ओतलं होतं, कुठे नव्हतं ते सांगितलं. जमेल तसं सांगितलं, अडखळत. मग महाराजांकडे वळले. "हे गंध तुमच्या कपाळाला लावा."

"ते वास्तूचं..."

"एकच ठिपका."

ते लावेनात. कृष्णकांतशेठनी डबी हातातून घेतली. चंदनाच्या उटीखाली नळी होती, नाव खरवडलेली. झुरळाचं चित्र मात्र अर्धं राहिलं होतं.

कोणी हात उगारला. "नको," मी म्हटलं, "कोणी हात लावू नका."

तेव्हा दाजी महाराजांचा रेडिओचा आवाज गेला आणि एका साध्या, दमलेल्या माणसाचा आवाज आला. "अहो, झुरळं गेली ना? काम केलं ना मी? नऊ वर्षं पेस्ट कंट्रोलमध्ये होतो. पंप पाठीला लावून यायचो तर वॉचमन जिन्याखाली उभा करायचा. पाणी विचारायचं नाही कोणी. मोरीत पाणी ओता म्हणून सांगितलं तर म्हणायचे, तुला काय कळतं, औषध मार. तेच महाराज होऊन सांगितलं, तर पाट मांडलात."

मला साळूचा झाडू टेकवलेला हात दिसला.

"आणि साळू?" मी विचारलं. "काय वाईट केलं होतं तिने तुमचं?"

"तिचं काही नाही. ती रोज फडकं मारते. ठिपके पुसले गेले असते."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढ्यासाठी. एका बाईच्या अंगात काहीतरी आहे असं साऱ्या गावाने म्हटलं, ते एवढ्यासाठी. आणि त्याने एकट्याने ते केलं नव्हतं. त्याला फक्त एक वाक्य बोलावं लागलं. उरलेलं आम्ही केलं, आणि सगळ्यात आधी मी. कृष्णकांतशेठनी पोलिसांना फोन लावला. मी तिथे थांबले नाही. ताहिरा मॅडमच्या स्कूटरवर मागे बसून वाडीवर गेले.

साळू दारात करवंदं निवडत होती. दिपा आत होती. बाहेर आली नाही. जैतू मला बघून उठला आणि मागच्या बाजूला गेला. "भट्टीचा मुकादम येऊन गेला," साळू करवंदांकडे बघतच म्हणाली. "दिवाळीनंतर भट्टीवर यायचं कबूल केलंय. दिपा पन येल. हितं ठिवून कोनाच्या भरवशावर जाऊ? वाडीतल्या बाया पन आता पोरं माज्यासमोरून उचलून नेतात."

मी सगळं सांगितलं आणि तिच्या पायांशी वाकले. ती मागे सरकली.

"नको. पाया नको पडू. पाया पडायची लय सवय हाय तुमाला."

मी तशीच अर्धवट वाकलेली राहिले.

"कामावर ये," मी म्हटलं. "आजपासून."

"तुमची येक बिल्डिंग. बाकीच्या चार? आनि ही वाडी? तुमी ज्या तोंडानं बोलल्या, त्याच तोंडानं जिथं जिथं गेलं तिथं तिथं बोला. माजं नाव साफ करा. मंग मुकादमाला काय सांगायचं ते मी बगते."

त्या दिवसापासून आम्ही दोघी फिरलो. आधी वाडीत, मग इमारतींत. मी पुढे, साळू शेजारी. प्रत्येक ठिकाणी मी तेच सांगितलं: हिच्यात काही नव्हतं. मोरी कोरडी होती, कारण ती माझ्या सोवळ्यासाठी बंद होती. हिने मला ते आधीच सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. बंद मोऱ्यांत आठवड्याला दोन मग पाणी टाका, शटरखालच्या फटी बुजवा, खोक्यांचे ढीग काढा, उष्टं झाकून ठेवा. याला महाराज लागत नाही. ठिपका लावायचाच असेल तर ज्याचं ते काम आहे त्याला बोलवा आणि त्याला बसायला खुर्ची द्या.

दोन इमारतींनी तिला लगेच घेतलं. तिसरीने घेऊ म्हणून सांगितलं आणि महिन्याभरात घेतलं. चौथीचे सेक्रेटरी खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "काकी, तुम्हीच सही केलीत म्हणून आम्ही काढलं. आता तुम्हीच सांगता म्हणून घ्यायचं होय? उद्या पुन्हा तुम्हाला काही वाटलं तर?"

त्यांचं खरं होतं. मी म्हटलं, "मी सांगते म्हणून घेऊ नका. फक्त एवढं सांगा, हिने काही केलेलं तुम्ही स्वतः काय बघितलं?"

"बघितलं असं काही नाही," ते पंख्याकडे बघत म्हणाले. अजून त्यांनी बोलावलेलं नाही.

साळूने मुकादमाला नाही म्हणून कळवलं. चार कामांत भागवते म्हणाली. दिपाची दहावी सुरू आहे. साळू माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि तिने जास्त बोलावं असं म्हणायचा मला हक्क नाही.

खालच्या संडास-मोरीला आता कुलूप नाही; साळू आणि सगळे कामगार ती वापरतात. माझा नेम मी सोडलेला नाही. देवाने मला फसवलं नाही. त्याने मला डोळे दिले होते, ते मी मिटून बसले. म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून एकच सांगते. कोणी भगवे घातले म्हणून मानू नका. कोणी उपास करते, हळू बोलते, बावीस वर्षं पोथी वाचते, म्हणूनही मानू नका. मी लिहिलंय म्हणून हेही मानू नका. दोन बरण्या घ्या, दोन मोऱ्या शोधा आणि स्वतः बघा. आणि कोणा माणसाकडे बोट दाखवायची वेळ आली, तर बोट उचलायच्या आधी विचारा: मी काय पाहिलं? काहीच पाहिलं नसेल, तर हात खाली राहू द्या.